आधी माती धरा, मग झाडं लावा: ओढ्याकाठच्या उतारांविषयी पुणे महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
उद्यान, मलनिःसारण आणि पथ विभागांचे अधिकारी,
तसेच ओढ्याकाठच्या गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी

विषय: तीव्र उतारावरची झाडं काढल्यानंतर ओढ्याची काठपट्टी पुन्हा उभी करण्याबाबत

स. न. वि. वि.

टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या अगदी काठावर असलेली झाडं निरनिराळ्या कारणांनी काढली जातात. कुठे ती धोकादायक म्हणून, कुठे विजेच्या तारांखाली येतात म्हणून, कुठे ड्रेनेजची लाइन ओढ्याकडेने न्यायची म्हणून आणि हल्ली गिरिपुष्प-सुबाभूळ बाहेरून आलेली आहेत म्हणून. यातल्या प्रत्येक कारणावर वाद घालता येईल, पण तो या पत्राचा विषय नाही. झाडं गेल्यानंतर त्या उताराचं काय करायचं, एवढंच इथे लिहितो आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या पावसाळ्यात तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेऊ नका. त्या वर्षाचे सगळे पैसे आणि माणसं माती-पाणी धरण्याच्या कामाला लावा. झाडं दुसऱ्या पावसाळ्यात, तीही खड्डे न घेता.

पुण्याच्या टेकड्यांवर माती मुळात थोडी. उतारावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुसळधार पावसात ही वीतभर माती पाणी पिऊन जड होते, आणि मुरमाच्या सीमेवर पाणी साचलं की अख्खा थर घसरतो. तो घसरू नये म्हणून मुळं मुरमाच्या भेगांत शिरून त्याला टाचून धरतात. एक हिशेब लक्षात ठेवावा: शंभर चौरस मीटरवरून एक सेंटिमीटर माती गेली म्हणजे एक घनमीटर, साधारण सव्वा ते दीड टन. ती जाते खाली, ओढ्यावरच्या रस्त्याखालच्या मोरीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वर भागातल्या लोकांना सांगायला नको. त्या पुराला कारणं अनेक होती. पण गाळाने आणि फांद्यांनी अर्धी भरलेली मोरी कुठल्याही पुरात पाणी मागे फुगवते, यात दुमत नाही.

कामाची सुरुवात उतार मोजण्यापासून. आणि इथेच पहिला घोळ होतो, कारण कुणी टक्क्यांत बोलतो, कुणी अंशांत. विकास नियमावलीतला १:५ चा उतार म्हणजे २० टक्के, म्हणजे जेमतेम ११ अंश. १:२ म्हणजे ५० टक्के, साधारण २७ अंश. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, सरळ कडा नव्हे. निविदेत नुसतं ‘३० उतार’ लिहिलं की ठेकेदार त्याला परवडेल तो अर्थ घेतो. मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दोन मीटरची सरळ काठी, गवंड्याची पाणसळ आणि टेप पुरे. काठीचं एक टोक उतारावर टेकवायचं, काठी पाणसळीत आणायची आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. दोन मीटरला एक मीटर भरली तर ५० टक्के. दर दहा मीटरवर एक माप घ्या, सरासरी काढू नका. सगळ्यात तीव्र तुकड्याप्रमाणे काम ठरवा.

पाणलोटाच्या कामात सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर, सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, म्हणून ते इथेही सुचवले जातात. ३३ टक्क्यांपेक्षा तीव्र उतारावर, ओढ्याच्या डोक्यावर चर नकोत. चरात थांबलेलं पाणी मुरून नेमकं त्या मुरमाच्या सीमेवर जातं आणि आपणच घसरण घडवून आणतो. चर घ्यायचेच असतील तर वर, माथ्याच्या सौम्य उतारावर घ्या.

आता बुंध्यांविषयी. झाड कापायचं ठरलं तर कापा, पण बुंधा जेसीबीने उपटू नका. उपटलेल्या बुंध्याबरोबर दोन-तीन घमेली नव्हे, गाडीभर माती येते आणि मागे राहिलेल्या खळग्यात पाणी साचतं. मेलेली मुळंसुद्धा काही काळ माती धरून ठेवतात. बारीक मुळं आधी कुजतात, जाड नंतर. त्यामुळे खरा धोका झाड कापलं त्याच वर्षी नसतो, तो पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत असतो. पहिल्या वर्षी काही झालं नाही म्हणून फाइल बंद करणं इथेच महागात पडतं.

गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांची गोष्ट वेगळी. ही झाडं कापली की बुंध्यातून धुमारे फुटतात, म्हणजे मुळं जिवंत राहतात. याला लोक कटकट म्हणतात. तीव्र उतारावर ती सोय आहे. एका वर्षात सगळी साफ करण्याऐवजी पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा झाडं कमरेइतक्या उंचीवर कापा, फुटवे येऊ द्या, दर पावसाळ्यात ते छाटून पाला तिथेच उतारावर पसरा. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचं खत म्हणून शेतकरी वापरतातच. जसजशी निर्गुडी, करंज वर येतील, तसतसा पुढचा तिसरा हिस्सा काढा. बुंध्यावर तणनाशक ओतून ‘कायमचा बंदोबस्त’ करण्याचा मोह टाळा. ते ओढ्यात उतरतं हे एक, आणि ज्या मुळांवर उतार उभा आहे तीच मारली जातात हे दुसरं. सुबाभळीचं बी मात्र जमिनीत भरपूर पडलेलं असतं. वरची सावली गेली की जुलैत त्याची रोपं गवतासारखी उगवतात. वीतभर असताना, माती ओली असताना हाताने उपटली तर सोपी जातात. सप्टेंबरपर्यंत राहिली तर कुदळ लागते आणि कुदळ लागली की माती मोकळी झालीच.

कापलेल्या फांद्या ओढ्यात ढकलायच्या नाहीत, हे लिहावं लागू नये, पण लिहितो. त्या फांद्या उपयोगाच्या आहेत. मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या उताराला आडव्या, समपातळीत, जमिनीला घट्ट चिकटवून टाका. खालच्या अंगाला दर पाऊण मीटरवर खुंटी ठोका आणि वरच्या अंगाला पाला दाबून भरा. फांदी आणि जमीन यांत फट राहिली तर पाणी तिथूनच धार धरतं, आणि मग फांद्या नसत्या तर बरं झालं असतं अशी वेळ येते.

यापुढचं काम वरच्या काठावरचं, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथे होतं. उतार कितीही छान बांधला तरी वरून सोसायटीच्या गच्चीचं पाणी एका पाइपने त्यावर पडत असेल तर सगळं फुकट. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुण्यात वळवाचा किंवा परतीचा पाऊस असा पडतो, तर २५ हजार लिटर पाणी होतं. सेकंदाला जवळपास सात लिटर. ते मोकळ्या मातीवर सोडलं की एका संध्याकाळी गुडघाभर घळ पडते. सोसायट्यांना विनंती: जमेल तितकं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला वळवा. उरलेलं बंद पाइपने थेट पायथ्यापर्यंत न्या, मध्ये कुठेही सांधा उघडा ठेवू नका, आणि पाइपच्या तोंडाखाली किमान दीड मीटर लांब, डोक्याएवढ्या दगडांचं पिचिंग करा, म्हणजे दगड घट्ट रचून थर द्या. दगड सिमेंटमध्ये बसवू नका; सिमेंटच्या लादीच्या टोकाखाली पाणी कोरत जातं आणि लादी अख्खी खाली येते. काठाला सीमाभिंत असेल तर तिची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते मेमध्ये बघा. भिंतीमागे साठलेलं पाणी भिंत पाडतं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उतारावरून एकदा चालून या. तेव्हाही ओलसर असलेल्या रेषा दिसतात. बेसॉल्टच्या दोन थरांमधून पाझर येतो, तिथे लव्हाळा असतो, माती काळपट दिसते. या जागा चुन्याने खुणवून ठेवा. तिथे पुढे सांगितलेली काथ्याची जाळी, खड्डा, भराव काहीही नको. वाळुंज आणि उंबर तिथेच लावायचे असतात.

प्रत्यक्ष उताराच्या कामाचं प्रमाण समजावं म्हणून ओढ्याकडेने ३० मीटर लांब आणि वरच्या काठापासून पायथ्यापर्यंत उतारावरून ६ मीटर असा एक तुकडा धरू. १८० चौरस मीटर होतात, उतार ५० टक्के.

पायथ्यापासून सुरू करायचं. पाण्याच्या रेषेला ३० सेंटिमीटर व्यासाचे काथ्याचे लांबट गठ्ठे. तीन मीटरचे दहा लागतील. ते जमिनीवर नुसते ठेवायचे नाहीत, निम्मे गाडायचे. दोन्ही अंगांना दर ६० सेंटिमीटरवर मीटरभर लांबीची बांबूची खुंटी, म्हणजे शंभरेक खुंट्या. जिथे खाली लगेच पाषाण लागतो तिथे खुंटी बसणार नाही. तिथे गठ्ठ्याऐवजी अनघड दगडांची रांग करा, मोठे दगड प्रवाहाकडे, लहान मागे. पायथा पक्का नसताना वरची जाळी अंथरली तर पहिल्या पुरात खालून सुटते आणि गुंडाळत वर जाते.

काथ्याची जाळी बाजारात चौरस मीटरला ४०० आणि ७०० ग्रॅम अशा वजनांत मिळते. या उताराला ७०० ची घ्या. १८० चौरस मीटरसाठी २१५ च्या आसपास मागवा, कारण जोड आणि वरचा गाडायचा भाग धरावा लागतो. वरच्या काठाशी ३० सेंटिमीटर खोल चर काढून जाळीचं टोक त्यात पुरायचं, मग पट्टा वरून खाली सोडायचा, आडवा नाही. शेजारच्या पट्ट्यांत १५ सेंटिमीटर जोड. खाली जोड द्यावा लागला तर कौलांप्रमाणे वरचा पट्टा खालच्याच्या वर. आठ मिलिमीटर सळईचे, ३० सेंटिमीटर पायांचे यू आकाराचे खिळे चौरस मीटरला तीन, कडांना जास्त, एकूण साडेसहाशे. मुरमात आधी पहारीने भोक पाडा, नाहीतर खिळा वाकतो आणि कामगार तो वाकलेलाच सोडून पुढे जातो.

जाळी ताणून बसवणं ही सर्वांत नेहमीची चूक. ताणलेली जाळी फोटोत सुंदर दिसते, पण खोलगट जागी ती जमिनीपासून सुटलेली असते. पावसात तिथे वाकून बघितलं तर जाळी कोरडी आणि खालून बोटभर रुंद गढूळ धार चाललेली दिसते. जाळी सैल ठेवून प्रत्येक खळग्यात पायाने दाबत खिळे मारायचे. काम तपासायला जाणाऱ्या अभियंत्याने जाळीखाली तळहात घालून बघावा. हात सहज जात असेल तर तो भाग पुन्हा करून घ्यावा.

जाळीच्या खाली बी. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं इथलीच आहेत. त्यांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टेकडीवरूनच गोळा करावं लागतं; मेमध्ये दुकानात मागायला गेलात तर लॉनचं बी हातात पडेल. साधारण दोन ते तीन किलो न मळलेलं बी या तुकड्याला पुरतं. बारीक माती, वाळू आणि शेणकाल्यात कालवून टाका, कोरडं नुसतं टाकलं तर मुंग्या नेतात. निम्मं बी जाळी अंथरण्याआधी आणि निम्मं पहिल्या चांगल्या पावसानंतर. सोबत पाव किलो हुलगा. तो आठवड्याभरात उगवून जमीन झाकतो आणि गवताला वेळ मिळवून देतो. जास्त टाकला तर गवतालाच दाबतो. कुसळीबद्दल एक सूचना: ती पायवाटेपासून मीटरभर आत ठेवा. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायमोज्यांत कुसळं घुसली की तक्रार उद्यान विभागाकडेच येणार.

जुलैत, माती पुरती ओली झाल्यावर, जाळीच्या भोकांतून वाळ्याचे ठोंब. समपातळीत ओळी, दोन ओळींत मीटरभर अंतर, ओळीत दर १० सेंटिमीटरला एक ठोंब. आपल्या तुकड्याला पाच ओळी, १५०० ठोंब. दीड-दोनशे जास्तीचे वाफ्यात ठेवा, ऑगस्टमध्ये नांगे, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा, भरायला लागतात. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, म्हणून तो उतारासाठी उत्तम. पण सावलीत तो मरतो. जिथे झाडं राखली आहेत त्याखाली वाळा लावून पैसे घालवू नका, तिथे अडुळसा लावा.

पायथ्याला निर्गुडीच्या कांड्या. अंगठ्याएवढ्या जाड, दीड ते दोन फूट लांब, खालचं टोक तिरकं, वरचं सरळ, म्हणजे उलट्या लागत नाहीत. कापल्यापासून लावेपर्यंत ओल्या गोणपाटात ठेवा, त्याच दिवशी लावा. पहारीने भोक पाडून दोन तृतीयांश आत, भोवती माती पायाने दाबून. हातोड्याने ठोकली तर साल फाटते आणि कांडी वाळते. दोन ओळी, अर्ध्या मीटरवर एक, १२० कांड्या. पाझराच्या जागी हीच रीत वाळुंजाला लागू आहे.

आता झाडांकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार कापलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं भरपाई म्हणून लावायची, रोपं किमान सहा ते आठ फूट उंचीची आणि सात वर्षं जोपासायची. रस्त्याकडेला आणि बागेत हे ठीक आहे. ओढ्याच्या उतारावर हेच रोप मातीचा शत्रू ठरतं. आठ फुटी रोपाची पिशवी मोठी, त्यात मुळं वेटोळी झालेली, त्याला दोन फुटांचा खड्डा हवा. आमच्या १८० चौरस मीटरच्या तुकड्यावर दोन मीटर अंतराने ४५ खड्डे बसतात. ६० सेंटिमीटरच्या घनाकृती ४५ खड्ड्यांतून जवळजवळ १० घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रासच्या आसपास माती-मुरूम उकरून उतारावरच मोकळा टाकला जातो. त्यावर बाहेरून आणलेल्या लाल मातीचा भराव, वर टँकरच्या पाइपने पाणी. पहिल्या मोठ्या पावसात यातलं किती जागेवर राहील?

कायदा मोडा असं आम्ही म्हणत नाही. भरपाईची उंच रोपं माथ्यावरच्या सपाटीला किंवा त्याच प्रभागातल्या मोकळ्या जागेत लावा आणि तिथेच मोजा. उतारावर दुसऱ्या जूनमध्ये करंजाचं आणि जांभळाचं बी थेट टोका, दोन-तीन सेंटिमीटर खोल, एका जागी दोन-तीन बिया. जांभळाचं बी फळ खाल्ल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पेरावं लागतं, साठवलं तर उगवत नाही. बियांपासून आलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ मुरमात शिरतं. पहिली दोन वर्षं ते झाड दिसायला काहीच नसतं, फोटो काढण्याजोगं तर नाहीच.

आयुक्त महोदय, यापुढची गोष्ट फक्त आपल्याच हातात आहे, कारण ती दोन विभागांमधली आहे. पावसाळ्याआधी नालेसफाई होते. पोकलेन ओढ्यात उतरतो आणि गाळाबरोबर दोन्ही काठ खरवडून निघतो. एका विभागाने गेल्या जुलैत लावलेली निर्गुडी दुसऱ्या विभागाचं यंत्र मेमध्ये घेऊन जातं, आणि दोन्ही बिलं नियमानुसार निघू शकतात. काठपट्टीच्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना रंगवलेले दगड रोवा, नालेसफाईच्या कार्यादेशात ते तुकडे नकाशासह वगळा आणि तिथला गाळ माणसांकडून काढून घ्या. मोऱ्यांची तोंडं यंत्राने साफ व्हायलाच हवीत, काठ नको.

पैसे देण्याची पद्धतही बदलावी लागेल. रोपं लावल्याच्या दिवशी बिल निघत असेल तर रोपं लावलीच जातील, जगतील असं नाही. आमची सूचना: एक तृतीयांश रक्कम ३१ मेपर्यंत पायथा, जाळी आणि पाण्याचे पाइप तपासून, एक तृतीयांश ऑक्टोबरअखेर, जमीन ७० टक्के झाकली गेली असेल तर, उरलेली दुसऱ्या पावसाळ्यानंतर. झाकण मोजायला मीटरभर चौकट दहा ठिकाणी टाकून बघा. धूप मोजायला अर्ध्या मीटरच्या सळ्या रोवून दहा सेंटिमीटर वर ठेवा. मोठ्या पावसानंतर बारा दिसले तर दोन सेंटिमीटर माती गेली. हे माप वॉर्डातला मुकादमही घेऊ शकतो.

डिसेंबरनंतर दोन गोष्टी उतार उघडा पाडतात: शेळ्या आणि वणवा. वाळलेलं गवत आणि काथ्या दोन्ही झटकन पेट घेतात. वरच्या काठाला तीन मीटरची जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली पट्टी, डिसेंबरातच काढा, गवत जाळून नव्हे, कापून. शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण दोन वर्षं पुरतं. त्या फांद्या नव्याने तोडायची गरज नाही, उद्यान विभागाकडे छाटणीच्या बाभळी येतातच.

यंदा ज्या उतारांवर झाडं काढली आहेत किंवा काढायची आहेत, त्यांची यादी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध करावी, ही आमची मागणी आहे. त्या यादीवरून कुठे किती बी लागेल ते ठरेल आणि ते गोळा करायला सोसायट्यांमधले लोक आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी येऊ शकतील. जाळी आणि काथ्याच्या गठ्ठ्यांची निविदा जानेवारीत निघाली तर माल एप्रिलमध्ये हातात येतो. मार्चमध्ये निघाली तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस दारात आल्यावर येतो, आणि मग चिखलात अंथरलेल्या जाळीचे पैसे न दिलेलेच बरे.

कळावे,

आपले,
पुण्यातल्या ओढ्यांवर आणि टेकड्यांवर काम करणारे काही मृदसंधारक, वनस्पती अभ्यासक आणि रोपवाटिकाचालक